चुकलेलं लिहून ठेवणारे टर्नरसाहेब

टर्नरसाहेबांची आणि माझी ओळख माझ्या गुडघ्यामुळे झाली. सिंगापुरात, बुकित तिमाहला मुलाकडे राहायला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. खाली लिफ्टपाशी एक उंच, किंचित वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा गोरा माणूस उभा होता. हातात छत्री नव्हती, म्हणून मी आपलं माणुसकीनं सांगितलं की आज पाऊस येणार, माझा गुडघा दुखतोय. इथली बाकीची माणसं अशा वेळी हसतात आणि लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहतात. हे म्हणाले, "कशावरून?"

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, ते समजलं; पण गुडघा दुखला आणि पाऊस आला असं किती वेळा झालं, आणि दुखला पण आला नाही असं किती वेळा? मी म्हटलं, असं कोण मोजत बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात वही घेऊन उभे.

महिनाभर रोज सकाळी आठ वाजता पोहण्याच्या तलावाजवळच्या बाकावर मी गुडघ्याची बातमी द्यायची आणि त्यांनी ती लिहायची. तुलनेसाठी त्यांनी गेटवरचे गार्ड मिस्टर टॅन यांनाही घेतलं. टॅन यांचे गुडघे ठणठणीत. ते रोज एकच सांगायचे, "रेन लाह." इथे वाक्याच्या शेवटी लाह लावतात. डिसेंबर होता, इथला पावसाळी महिना. महिन्याच्या शेवटी टर्नरसाहेबांनी गंभीरपणे निकाल वाचून दाखवला, की मिस्टर टॅन यांचे अंदाज माझ्या गुडघ्यापेक्षा सरस आहेत. मी दोन दिवस बाकावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा ते म्हणाले, "मिसेस पाटणकर, तुम्ही खोटं बोलत नव्हता. बरोबर आलेलं आपोआप लक्षात राहतं. चुकलेलं लिहून ठेवावं लागतं." हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की कधी कधी माझ्या तोंडून निघायचं आणि सुनेला, अश्विनीला, वाटायचं मी तिच्या आमटीबद्दल बोलतेय.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतल्या पेपरांवर आणि लोकांना प्रश्न विचारून झालं. इंग्रजी निम्मं टीव्हीवरचं, निम्मं टर्नरसाहेबांचं. ते इथल्या एका शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मुलगी इंग्लंडात. देव त्यांनी चौदाव्या वर्षी सोडला, असं ते सांगायचे. आपल्याकडे लोक चहा सोडतात तसं. नात इरा सुरुवातीला शेजारी बसून अडलेले शब्द सांगायची. नंतर तिची गरज उरली नाही, कारण आम्ही रोज त्याच गोष्टींवर भांडत होतो आणि ते शब्द मला पाठ झाले.

सिंगापुरात त्यांना एकच उणीव वाटायची. इथे सगळ्यांच्या सणाला सुट्टी मिळते, पण वाद मिळत नाहीत. म्हणून संध्याकाळी ते टॅबलेटवर इंग्लंडातले वाद ऐकायचे. मलाही दाखवायचे. रंगमंचावर सूट घातलेले दोन गृहस्थ, समोर तिकीट काढून आलेली माणसं. एक म्हणणार, विज्ञानानं सगळं उलगडलं, आता धर्मानं घरी बसावं, शाळेत आणि सरकारात लुडबुड करू नये. दुसरा म्हणणार, कसं झालं ते विज्ञान सांगतं, कशासाठी ते सांगत नाही. शेवटी लोकांनी हात वर करून मत द्यायचं. मी विचारलं, मत देऊन देव ठरतो का? ते म्हणाले, नाही, पण वेळ चांगला जातो.

त्यांच्या देशाचा मला उलगडा व्हायला वर्ष लागलं. चर्च सरकारमान्य, धर्मगुरूंना पार्लमेंटात खुर्च्या, शाळेत सकाळची प्रार्थना कायद्यात लिहिलेली. आणि रविवारी चर्चमध्ये बाकं रिकामी, काही चर्चांचे तर फ्लॅट झालेत. जे लोक वर्षात एकदाही तिथे पाऊल टाकत नाहीत तेच त्यावरून भांडतात. मी म्हटलं, जायचंच नाही तर भांडण कशाचं? ते म्हणाले, "घर सोडलेल्या माणसालाच घराचा राग असतो." मग टॅबलेट बंद करून उठले. मला तेव्हा कारण माहीत नव्हतं.

मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. आमचे हे जहाजावर इंजिनिअर होते. खंडेनवमीला, समुद्रात असले तरी, इंजिनाला हळदकुंकू वाहायचे. टर्नरसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. असा माणूस त्यांना पकडायचाच होता. कुंकवानं इंजिनात नेमकं काय होतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इंजिनात काही होत नाही. पण कुंकू लावायला माणूस दोन मिनिटं त्याच्यासमोर नुसता उभा राहतो. उभा राहिला की गळती दिसते. एकदा तशी दिसली होती. टर्नरसाहेबांनी वही काढली, लिहिलं, आणि विचारलं की किती वर्षं कुंकू लावलं आणि गळती दिसली नाही. मी म्हटलं, ते लिहून ठेवलं नाही. ते म्हणाले, "बघा."

आमचं खरं जुंपलं ते मोदकांवरून.

पहिल्या गणपतीला मी त्यांना उकडीचे मोदक घेऊन गेले. पिठी लिटिल इंडियातून आणलेली, कळ्या मनासारख्या पडलेल्या. त्यांनी डब्यात डोकावून विचारलं, हे मूर्तीसमोर ठेवले होते का? मी म्हटलं, ठेवले होते म्हणजे काय, नैवेद्य झालाय. त्यांनी डबा अदबीनं परत दिला. खाऊ म्हणून आनंदानं खाल्ले असते, प्रसाद म्हणून खाणं म्हणजे मानत नसलेली गोष्ट मानल्याचं सोंग होईल, आणि सोंग ते माझ्याशी करणार नाहीत. मी म्हटलं, मग आधी आणून देऊ? पण ते म्हणता म्हणताच माझी मला अडचण कळली. देवाला दाखवायच्या आधी मी कुणाला देऊ शकत नव्हते, आणि दाखवल्यावर ते खाऊ शकत नव्हते. अशा रीतीनं त्या वर्षी मोदक राहिले.

पुढच्या वर्षी मी तोडगा काढला. नैवेद्य झाल्यावर नवी उकड काढायची, वेगळा घाणा करायचा, तो देवघराकडे फिरकूही द्यायचा नाही. अश्विनीनं त्यासाठी निळ्या झाकणाचा डबा ठरवला. पुण्याच्या जावेला फोन करून विचारलं, असं चालतं का. ती म्हणाली, मला विचारू नकोस म्हणजे चालेल. टर्नरसाहेबांनी पातेलं तेच होतं का याची चौकशी केली, विचार केला आणि म्हणाले, "वाफेला धर्म नसतो." सात मोदक खाल्ले. इरानं दोन्ही डब्यांतले खाऊन बघितले आणि सांगितलं, "सेम लाह." हेही वहीत गेलं.

मुलीची गोष्ट त्यांनी मला तिसऱ्या वर्षी सांगितली. हेलन तिचं नाव. जीवशास्त्र शिकली, चार वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी बघितल्या, मोठी पदवी मिळवली. मग आई आजारी पडली. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात चर्चचा एक माणूस रोज येऊन आईजवळ बसायचा. टर्नरसाहेब त्याच खोलीत, खुर्चीवर, रिपोर्ट वाचत. त्यांचं म्हणणं, तो माणूस माझ्या बायकोला शेवटच्या घटकेला खोटं सांगत होता. हेलनचं म्हणणं, तो आईचा हात धरून बसला होता आणि दुसरं कुणी धरला नव्हता. वर्षाच्या आत तिनं प्रयोगशाळा सोडली, आणि पुढे पाद्रीबाई झाली. दीक्षेच्या समारंभाला तिनं वडिलांना बोलावलं. यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं: पुरावा पाठव, मग येतो. त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून नाताळला एक कार्ड यायचं, जायचं. बोलणं नाही.

मी विचारलं, आठवण येत नाही? ते उठून आत गेले आणि एक जाडजूड फाईल घेऊन आले. हेलनच्या चर्चचं प्रवचन दर आठवड्याला इंटरनेटवर येतं. टर्नरसाहेब ते छापून घेत आणि शाळेतल्या निबंधासारखं लाल शाईनं तपासत. "कशावरून?" "हे वाक्य लांबलं." "उदाहरण चांगलं, निष्कर्ष लंगडा." खाली दहापैकी गुण. चार, साडेचार, तीन. एकही आठवडा सुटलेला नव्हता. मी म्हटलं, हे तिला पाठवा. ते म्हणाले, मी गेल्यावर तुम्ही द्या. आत्ता नको, गुणांवरून वाद घालेल.

गेल्या श्रावणात त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता महिने म्हणू नका, आठवडे म्हणा. हे त्यांनी मला हवामानासारखं सांगितलं. हेलनला कळवलं का, विचारलं, तर म्हणाले, ती येईल, प्रार्थना करेल, मला उठून जाता येणार नाही. हा अन्याय आहे.

मी घरी आले. प्रवचनाचा एक कागद त्यांनी मला इंग्रजी वाचायला म्हणून दिला होता. त्याच्या डोक्यावर चर्चचा फोन नंबर होता. त्यांना न विचारता मी फोन लावला. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. हेलननंच उचलला. म्हटलं, तुमच्या वडिलांची तब्येत बरी नाही, आणि ते दर आठवड्याला तुमचं प्रवचन वाचतात. तिनं एवढंच विचारलं, "दर आठवड्याला?"

ती आली त्या दिवशी आमच्या गणपतीचा दुसरा दिवस होता. मी दोन डबे घेऊन गेले. निळ्या झाकणाचा साहेबांना, आणि स्टीलचा, नैवेद्याचा, खास तिला. देवाधर्माची मुलगी, तिला प्रसादाचं काय वावडं असणार, असं माझं गणित. बाप खुर्चीत, मुलगी पलंगाच्या कडेला. मी अभिमानानं सांगितलं की हे देवाला दाखवलेले आहेत. हेलनचा पुढे आलेला हात थांबला. ती फार गोड मुलगी. तिला मला दुखवायचं नव्हतं. म्हणाली, न सांगता दिले असते तर खाल्ले असते. पण दुसऱ्या देवाला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर खाऊ नये, असं आमच्याकडे आहे.

मी स्टीलचा डबा हातात घेऊन उभी. एकाला देव नाही म्हणून चालत नाही, दुसरीला देव आहे म्हणून चालत नाही. तेवढ्यात खुर्चीतून कसलासा आवाज आला. मला वाटलं, धाप लागली. टर्नरसाहेब हसत होते. त्यांनी निळं झाकण काढलं, डबा मुलीपुढे धरला आणि म्हणाले, "घे. हे कुणालाच दाखवलेले नाहीत."

तिनं एक खाल्ला. मग दुसरा घेत म्हणाली, "डॅड, मागच्या महिन्यातल्या प्रवचनात काय चुकलं?"

"कुठून सुरुवात करू?" ते म्हणाले.

मी निघाले. दार लावताना आत वाद सुरू झालेला ऐकला आणि स्टीलचा डबा गेटवर मिस्टर टॅन यांना दिला. त्यांनी काही विचारलं नाही.

तीन आठवडे ती राहिली. रोज वाद व्हायचा. मी चहाला गेले की दोघं मला पंच करू बघायचे. मी होत नसे. शेवटच्या आठवड्यात साहेबांना वाक्य पुरं करायला दम पुरेना, तेव्हा त्यांचं वाक्य हेलन पुरं करायची, आणि मग त्याला उत्तर द्यायची. तिनं त्यांच्यासमोर प्रार्थना केली नाही. त्यांनी, मी बघितलंय, झोपल्यावरही तिच्या हातातून हात काढला नाही. समारंभाचा विषय मात्र कुणीच काढला नाही. मी वाट बघत होते, साहेब बोलतील. ते गेले, तोवर बोलले नाहीत.

मग मी फाईल दिली.

अंत्यसंस्काराला प्रार्थना नको, गाणी नकोत, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. आम्ही दहाबारा माणसं होतो. हेलन साध्या कपड्यांत उभी राहिली, पाद्र्यांची पांढरी कॉलर नव्हती. तिनं फाईल उघडली आणि प्रवचनं सोडून फक्त लाल शाई वाचायला सुरुवात केली. "कशावरून. हे वाक्य लांबलं. पुरावा. तुझ्या आईनं हे चार शब्दांत सांगितलं असतं. साडेचार. पाच. सर्दी झालेली दिसते, विचार विस्कळीत. साडेपाच." लोक हसायला लागले. हेलनचा आवाज तसाच, हजेरी घ्यावी तसा. शेवटी पानं मागे उलटून ती फाईलमधल्या अगदी पहिल्या कागदावर आली. समारंभानंतरच्या पहिल्या रविवारचं प्रवचन. त्याच्या कोपऱ्यात लाल शाई नवी होती, अक्षर थरथरलेलं. तेही तिनं त्याच आवाजात वाचलं. "समारंभाला गेलो नाही. चुकलं."

मग तिनं फाईल मिटली आणि सगळ्यांना चहाला चला म्हणाली.

जाताना तिनं मला विचारलं, तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केलीत का? मी म्हटलं, रोज दिवा लावताना त्यांचं नाव घेत होते, त्यांना कळू दिलं नाही. ती म्हणाली, मीही. वही तिनं मलाच दिली, गुडघा माझा म्हणून.

आज सकाळी गुडघा चांगलाच दुखत होता. मी बाकावर बसून तारीख घातली आणि लिहिलं, पाऊस. मिस्टर टॅन यांना विचारलं, तेही पाऊसच म्हणाले. आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत. लख्ख ऊन आहे, इरा खाली तलावात पोहतेय. वही उघडून पुढे लिहिलंय, चुकलं.