काही अडत नाही

आफ्रिकेतल्या एका गरीब देशात मी बरीच वर्षं सरकारी पाणीयोजनांची कामं सांभाळली. तिथल्या पाणीखात्यातली एक इंजिनिअर बाई माझ्या हाताखाली तयार झाली. तिच्या गावची योजना आम्ही दोघांनी मिळून आखली होती. रोज पाणी, घरात नळ. तिची म्हातारी आई अजून नदीवरून पाणी वाहते, म्हणून ती या योजनेच्या हात धुऊन मागे लागली होती.

निवृत्त होऊन मी जुळे सोलापुरात परतलो. पुढे ती पुण्याला ट्रेनिंगला आली तेव्हा आम्हाला भेटायला आली, आणि नेमका तो आमचा चार दिवसांनी येणारा पाण्याचा दिवस निघाला.

"आवं, पाणी आलं की! उठा लवकर!" बायको ओरडली. चहा तसाच राहिला. पिंपं, बादल्या, कळश्या भरल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला.

पाहुणी थक्क होऊन बघत होती. मी कारण सांगितलं. "चार दिवसांनी एकदा? तुमच्या घरी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर परमुलखात नळ बसवले आणि स्वतःच्या घरात मी पिंपाचं झाकण शोधत होतो! लाज झाकायला हसलो आणि इंग्रजीत म्हणालो, "सवय झालीय. काही अडत नाही."

एवढं इंग्रजी बायकोला कळतं. "तुमचं कुटं काय अडतंय? भरतंय कोण हितं?" ती फणकारली. पाहुणीने अर्थ विचारला. मी तो सांगितला नाही. तिने पिंपांचा फोटो काढला आणि ती गेली.

परवा तिचा फोन आला. योजना मंजूर झाली! मी आनंदाने ओरडलोच.

"पण रोज नाही, चार दिवसांनी एकदा," ती म्हणाली. "पैसे नाहीत म्हणून सगळी योजनाच गुंडाळत होते. मग मी तुमच्या पिंपांचा फोटो दाखवला, तुमचं वाक्य सांगितलं. इंजिनिअरच्या घरी चालतं म्हटल्यावर सगळे तयार झाले."

 मी विचारलं, "आई काय म्हणते?"

"कुरकुरते. नदी सुटेल, पण तिला आता पिंपं भरत बसावं लागणार. मी सांगितलं, सवय होईल." मग तिने विचारलं, "त्या दिवशी तुमची बायको काय म्हणाली होती हो?"