कौलांना टेकलेला जिना

आमच्या घरात चौदा पायऱ्यांचा एक सागवानी जिना आहे आणि तो कुठेही जात नाही. माडीवरून निघतो, कौलांना जाऊन टेकतो, संपला! पाहुणे तो बघून हसतात. मला अजून राग येतो. कुणाचा, ते मात्र नक्की ठरत नाही.

हे घर बांधलं त्या वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शरणपूरच्या बाजूला जागा घेतली आणि एका ओव्हरसियरकडून घराचे नकाशे काढून आणले. तीन निळे कागद. एकावर तळमजला, दुसऱ्यावर माडी आणि तिसऱ्यावर घर सुरीनं उभं कापल्यासारखं. आईनं पहिला कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"हे माझं स्वयंपाकघर?"

"हो."

"यात उभं कुठं राहायचं? नुसत्या रेघा!"

"अगं, रेघा म्हणजे भिंती!" अण्णा ओरडले.

"मग भिंती दाखवा. रेघा मलाही येतात, रोज रांगोळी काढते मी!"

(आमचं घराणंच तापट. आमच्याकडे देवाची आरतीसुद्धा भांडल्यासारखी होते.) अण्णांचा राग शेवटी माझ्यावर निघाला. "चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्यास ना? कर या नकाशाचं पुठ्ठ्याचं घर आणि दाखव हिला!" घर बांधणाऱ्या करीममिस्त्रींनाही त्यांनी बजावलं, "अडलं तर याला विचारा." आणि ते भाचीच्या लग्नाला येवल्याला निघून गेले, ते तिथल्या भांडणात पडून दोन-अडीच महिने तिकडेच अडकले.

मी खळ शिजवली, पुठ्ठे कापले आणि पाव इंचाला एक फूट या मापानं तीन दिवसांत घर उभं केलं. तळमजल्याच्या कागदावर जिना होता, तो केला. माडीच्या कागदावरही जिना होता, तोही केला. म्हणजे जिने दोन! खालचा जिथं संपला तिथूनच वरचा उलटा फिरवून दिला. वर पुठ्ठ्याचं सपाट झाकण ठेवलं. तिसरा कागद निरुपयोगी वाटला, म्हणून त्याला खळ लावून घराच्या बुडाला चिकटवला. (बूड मजबूत झालं, हे मान्य करावं लागेल.)

आईनं झाकण उचलून आत पाहिलं. "हा दुसरा जिना कुठं जातो रे?"

याचा मी विचारच केला नव्हता. पण परीक्षा पास झालेला माणूस गप्प कसा बसणार? "गच्चीवर!" मी म्हणालो.

आईचे डोळे भरून आले. आम्ही तेव्हा भाड्यानं राहत होतो. आठच दिवसांपूर्वी मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत तिला सुनावलं होतं, "तुमच्या कुरडयांनी आमच्या गच्चीवर मुंग्या होतात. वाळवण दुसरीकडे घाला!" आईनं त्या दिवशी सगळा चीक गाईला घातला होता आणि ती जेवली नव्हती. आता ती तडक खाली गेली. "काकू, पुढच्या चैत्रात तुम्हीच या आमच्या गच्चीवर वाळवण घालायला! जागा भरपूर आहे!"

दुसऱ्या दिवशी करीममिस्त्री पुठ्ठ्याचं घर बघून डोकं खाजवायला लागले.

"भाऊ, हा वरचा जिना कशाला? वर तर कौलं येणार. डोकं आपटंल ना!"

"कौलं पडवीसाठी आहेत!"

"एवढी? गाडीभर कौलं हायेत, भाऊ. पडवी केवढीशी!"

"मिस्त्री, नकाशा तुम्हाला कळतो की मला?" मी इतका ओरडलो की वाळू चाळणाऱ्या बायका थांबल्या.

"तुम्हालाच," ते म्हणाले. "तुमचा जिना, तुमची मर्जी." आणि त्यांनी असा सुरेख जिना केला की विचारू नका!

अण्णा परतले, माडीवर गेले, आणि टांगेवाल्याचा घोडा बिथरेल असा आवाज आला.

"गाढवा! जिना एकच आहे! खालच्या कागदावर चढताना दाखवतात, वरच्यावर पोचल्यावर दाखवतात!"

"मग तसं लिहायचं होतं त्यानं!" मीही ओरडलो.

"तिसऱ्या कागदावर अख्खं उतरतं छप्पर काढलंय! कुठंय तो कागद?"

मी मुकाट्यानं घर उलटं केलं.

अण्णा जिना तोडायलाच निघाले होते. आई पहिल्या पायरीवर बसली. "जिन्याला हात लावाल तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही. मी त्या बाईला शब्द दिलाय!" मग ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो. "आणि तू मला खोटं सांगितलंस."

कौलं चढली. वास्तुशांतीला मालकीणबाई आल्या, लाडू खाल्ला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "गच्ची कुठंय हो?"

आई शांतपणे मला म्हणाली, "वर हो. कौलं काढ."

मी जिना चढलो, पाच-सहा कौलं सरकवली आणि कमरेपर्यंत छपराबाहेर आलो. आईनं खालून कुरडयांचं ताट हातात दिलं. त्या उतारावर पसरताना निम्म्या घसरून अंगणात भटजींसमोर पडल्या.

"ही काय गच्ची!" आई ठणकावून म्हणाली. "आणि राखण करायला माणूससुद्धा आहे. तुमच्याकडे होता का?"

तेव्हापासून दर चैत्रात भर दुपारी मी त्या भोकात उभा असतो. एका हातानं कुरडया धरतो, दुसऱ्या हातानं कावळे हाकलतो. परवा तो ओव्हरसियर सायकलवरून जाताना थांबला आणि घराकडे बराच वेळ बघत राहिला. बघणारच! त्याच्या तिन्ही कागदांत नसलेली एक वस्तू त्या छपरावर उभी होती, आणि ती मी होतो.