नरहरीचा बास

वसईच्या किनाऱ्याला केळीच्या वाड्या जिथे संपतात आणि सुरूची झाडं वाऱ्याशी बोलू लागतात, तिथे नरहरी राऊताची वाडी. आजाच्या हातची नागवेलीची पानं लांबलांबच्या मुलखात जात, बापाच्या केळ्यांना बाजारात नाव होतं. नरहरीने काय केलं? तो स्वतःच सांगे, "मी वाडीत एक असं झाड आणलं, ज्याला पान नाही, फळ नाही, आणि ज्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही."

ते झाड म्हणजे चार तारांचं एक वाद्य. माणसाहून वीतभर उंच, कमरेत आवळलेलं, व्हायोलिनचा थोरला काका शोभेल असं. मान मोडली म्हणून मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने ते टाकून दिलं होतं. नरहरीने ते मचव्यात घालून खाडीतून घरी आणलं. चर्चमध्ये गाणं शिकवणारे बर्नार्डमास्तर लग्नांतून हौसेचा बँड घेऊन जात. ते या वाद्याला 'बास' म्हणत. नरहरीची बायको सावित्री म्हणे, "अहो, नावातच बास आहे, तरी तुमचं थांबत कसं नाही?"

थांबणार कसं? मोडकी मान त्याने फणसाच्या लाकडाने सांधली. मेंढीच्या आतड्याच्या तारा पावसाळ्यात सैल पडत, म्हणून कोळीवाड्यातून जाळ्याची दोरी आणून ताणली. ती वाजे, पण ओल्या चटईवर काठी मारावी तशी. मग सायकलच्या ब्रेकची तार लावली. तिने बोटं सोलली, आणि सुरांना सायकलचाच स्वभाव आला. उतार दिसला की पळत सुटायचे. तारांवर ओढायच्या गजाला राळ लागते असं कळलं, तेव्हा त्याने होडीच्या फटी बुजवायची राळ फासली. गज तारेला असा चिकटला की सावित्रीला खोबरेल तेल घेऊन धावावं लागलं. मग गज घसरू लागला. "चिकटणं आणि घसरणं," नरहरी सांगे, "लोकांना या दोन चुका करायला जन्म लागतो. मी एका दुपारीत उरकल्या."

बँडात तो तीन वर्षं वाजवत होता. मांडवात क्लॅरिनेट आणि ढोल एकदा सुरू झाले की बासचा आवाज कोणाच्या कानी पडत नसे. बास फक्त दिसे. बैलगाडीत तो आडवा निजायचा आणि बाकीचे पाय पोटाशी घेऊन बसायचे. वाटेत बाया विचारायच्या, "कोनाला नेता रे दवाखान्यात?"

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात मास्तरांना एक कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवणारा मिळाला. गाडीत जागा मात्र एकाचीच होती.

"नरहरी, वाईट वाटून घेऊ नकोस," मास्तर म्हणाले. "रविवारी रोझमेरीचं लग्न आहे. तिथे एका माणसाने, एकाच रे, बास पाहिजे म्हटलं, तर गाडीतली जागा तुझी. नाही म्हटलं, तर कॉर्नेटची."

"आणि मी?"

"तू ये की. तू कुठे जागा अडवतोस? अडवतो तो बास."

रविवारी मांडवात पंगत बसली आणि बँड वाजू लागला. नरहरीचा हात तारांवर होता, कान मात्र पंगतीत फिरत होते. लोक वडे मागत होते, मीठ मागत होते, पाणी मागत होते. एक धून संपली. क्षणभर शांतता झाली, आणि त्या शांततेत नवरीची आजी आग्नेस दोन्ही हात वर करून ओरडली, "बास! अरे, बास!"

नरहरीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनीही ऐकलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि बाकीच्यांना हाताने थांबवलं.

मग नरहरीने एकट्याने वाजवलं. मुलीची पाठवणी करताना बाया गातात ते गाणं, अगदी सावकाश, खालच्या तारेवर. डोळे मिटून. पंगतीतले हात पानातच थांबले. पोरांनी बाकांखाली वाकून पाहिलं. गाणं संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही, पण कोणी बोललंही नाही. नरहरीने तो आदर मानला.

जेवून हात धुऊन तो म्हातारीच्या पाया पडायला गेला. "बाय, तुम्ही मागितलंत म्हणून वाजवलं."

"मी? मी कई मागितलं?"

"तुम्हीच नाही का ओरडलात, बास म्हणून?"

"अरे मेल्या! तो वाढपी पानात रस्सा ओततोय तो ओततोयच. त्याला सांगत होते, बास कर!" म्हातारी हसता हसता ठसकली. "आन् वाजवलंस ते काय होतं? बाकातून वर आलं माझ्या हाडांत. मला वाटलं, धरणीकंप!"

परतताना मास्तर खुशीत होते. कॉर्नेटवाल्याला त्यांनी नको म्हणून कळवायचं ठरवलं होतं. "म्हातारीला कान आहे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. नरहरी बासच्या पोटावर हात ठेवून बसला होता. जागा मिळाली होती, आणि खरं काय ते फक्त त्याला आणि एका म्हातारीला ठाऊक होतं. पण ज्या माणसाने स्वतःची प्रत्येक फजिती गावभर सांगितली, त्याला सगळ्यात मोठी फजिती पोटात ठेवता येईना.

"मास्तर," तो म्हणाला, "म्हातारीने बास मागितला नाही. तिने रस्सा नको म्हटलं."

गाडीत असा हशा उठला की बैल थबकले. मास्तर तेवढे हसले नाहीत. "गप्प राहिला असतास तर?"

"तर जागा माझी असती."

"शब्द दिला होता रे," मास्तर चाकांकडे बघत म्हणाले. "कॉर्नेटवाला बसेल."

"बसू दे," नरहरी म्हणाला. "तोंडाने वाजवतो, त्याने चालून दम घालवू नये. मी हाताने वाजवतो."

पुढलं लग्न सोपाऱ्याच्या बाजूला होतं. नरहरी पहाटेच निघाला. बास गोणपाटात गुंडाळून पाठीला बांधलेला, वर आकाश, खाली शेताचा बांध, आणि जिथे वारा सुटे तिथे बास शिडासारखा त्याला भलत्याच गावाकडे ओढी. तो पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मांडवात सगळे बसलेले, ढोल पुढ्यात, क्लॅरिनेट मांडीवर, नवा कॉर्नेट चकचकीत. पण कोणी वाजवत नव्हतं. यजमान मास्तरांभोवती येरझारा घालत होता. "अहो, तासभर झाला! सुरू करा ना!"

"करतो," मास्तर वाटेकडे बघत म्हणाले. "आमचा एक माणूस चालत येतोय."

नरहरी धापा टाकत आत आला, गोणपाटाची गाठ सोडू लागला, आणि सगळे असे ताटकळलेले बघून त्याने शेजारच्या ढोलवाल्याला हळूच विचारलं, "काय रे, नवरी रुसली का?"