अब्बांना घेऊन पनामाला

अब्बा बोटीवर भंडारी (स्वयंपाकी) होते. दहा-दहा महिने समुद्रावर, आणि करार संपला की पुढची बोट मिळेपर्यंत घरी बसून. त्या बसलेल्या महिन्यांत आमच्या रत्नागिरीजवळच्या घरात दोन्ही वेळा पेजच असायची. अम्मीला वाचता येत नसे. अब्बांना सहीपुरतंच लिहिता येई, म्हणून त्यांची पत्रं बोटीवरचा कुणीतरी लिहून द्यायचा आणि इकडे ती मी मोठ्यानं वाचायचे, शेजारच्या बायकांसकट सगळ्यांना. त्या पत्रांत पनामा सिटी यायचं. रंगीत सज्जांची जुनी घरं, चर्च, आणि चर्चपासून डावीकडे वळलं की मासळी बाजार.

मी शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मी लाजत नाही. आता अमिरातीत, खोर फक्कानच्या कंटेनर बंदरात प्लॅनर आहे, म्हणजे कुठला कंटेनर बोटीवर कुठे चढवायचा ते ठरवते. अम्मी गेल्यावर अब्बा माझ्याकडे राहायला आले. संध्याकाळी कॉर्निशवर (किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर) बसतात आणि येणाऱ्या बोटींना नावं ठेवतात.

गेल्या ईदला मी जाहीर केलं, "अब्बा, यंदा आपण पनामाला जायचं. चार दिवस."

"तिकडं काय हाय गो आता?" म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी कॉर्निशवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना बातमी लागली होती.

आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर पनामाच होतं. मी मोबाइलवर हॉटेल शोधायचे, अब्बा तोंडी वाट सांगायचे. "हॉटेल जुन्या शहरातच घे. आणि बाजारात सकाळी जायचं. उशीर केलास तर खलास, चांगलं म्हावरं (मासे) संपतं."

व्हिसाचे अर्ज मीच भरले. 'यापूर्वी आमच्या देशात आला होता का?' या प्रश्नाला अब्बांच्या अर्जात मी ऐटीत लिहिलं: होय, अकरा वेळा. तो आकडा मला लहानपणापासून पाठ होता. त्यांना विचारायची गरजच वाटली नाही. त्यांनीही न बघता सही केली.

दहा दिवसांनी दुबईतल्या पनामाच्या वकिलातीतून फोन आला. माझा व्हिसा तयार होता. वडिलांच्या प्रवेशाची मात्र एकही नोंद सापडत नव्हती. पुरावा घेऊन या. माहिती खोटी ठरली तर अर्ज नामंजूर.

घरी आले तेव्हा अब्बा कोलंबी सोलत होते. "जुन्या पासपोर्टांवर शिक्के असतील ना?" मी विचारलं.

ते सोलतच राहिले. "शिक्का कसला? उतरलो तर शिक्का."

"म्हणजे?"

"कालव्यात शिरायचा नंबर येईपर्यंत बोट बाहेर नांगर टाकून असायची. दोन दिवस, तीन दिवस. बाकीचे पाळीपाळीनं उतरायचे. भंडारी उतरला तर जेवण कोण करील? लांबून इमारती दिसायच्या. बाकीचं ते लोक येऊन सांगायचे, तेच मी पत्रात घालायला लावायचो."

"अकरा वेळा गेलात, आणि एकदाही नाही?"

"तू सगळ्यांसमोर वाचायचीस ना. काय लिहायला सांगू, कांदा चिरला?"

अर्ज मी बिघडवला होता, तोही शहाणपणाच्या भरात.

डोंगरातले बोगदे पार करत आम्ही दुबई गाठली. अब्बांच्या मांडीवर त्यांची नळी (खलाशाचं नोंदणीपुस्तक) होती, प्लास्टिकच्या पिशवीत. वकिलातीच्या खिडकीवर केरळच्या एक बाई होत्या.

"चाचा, ग्यारह बार गये और एक बार भी नहीं उतरे?"

"मॅडम, सत्ताईस आदमी का खाना था. किसको भूखा रखता?"

"तो फॉर्म में ये किसने लिखा?"

"मेरी बेटी ने. ग्रॅज्युएट है." अब्बांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरा अभिमान होता, आणि तोच मला जास्त लागला.

बाई हसल्या. नळीचं पान न् पान त्यांनी पाहिलं, माझ्याकडून चूक कबूल करणारं पत्र तिथंच लिहून घेतलं, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "इन्शाल्ला, हो जाएगा." तिसऱ्या दिवशी व्हिसा आला. त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं. दुवा मात्र रोज देते.

इस्तंबूलला विमान बदलून आम्ही पनामा सिटीला उतरलो तेव्हा पाय सुजले होते. तपासणीच्या खिडकीत अधिकाऱ्यानं विचारलं, "फर्स्ट टाइम?" मी तोंड उघडणार, एवढ्यात अब्बाच म्हणाले, "येस सर. फर्स्ट टाइम." शिक्का पडला. पासपोर्ट त्यांनी बराच वेळ उघडाच धरला होता, शाई वाळायला.

सकाळी चर्चपासून डावीकडे वळलो आणि थेट पोलीस चौकीपाशी पोचलो. तीस वर्षांपूर्वीची वाट, तीही ऐकीव! शेवटी एका कोळ्याला अब्बांनी हातानं मासा करून दाखवला आणि त्यानं आम्हाला बाजाराच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. तिथं एक बाई पेल्यात सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी) विकत होती. अब्बांनी एक घास घेतला. "ही बाई शिजवायची विसरली काय गो?" मग पेला संपवला आणि दुसरा मागितला.

शेवटच्या संध्याकाळी समुद्रात गेलेल्या लांब बांधावर फिरलो. बाहेर वीसेक बोटी नांगर टाकून कालव्याची वाट पाहत होत्या. अब्बा त्यांच्याकडे पाहत राहिले. "इथून किती लहान दिसतात," एवढंच म्हणाले. मग समुद्राकडे पाठ केली आणि शहराच्या दिशेनं चालू लागले. मला गाठायला पळावं लागलं.

परतून आठवडा झाला. कामावर सगळे विचारतात, एवढ्या लांब चारच दिवस कशाला? मी सांगते, रजा तेवढीच होती, आणि ती पुरली. अब्बांनी चुलीपुढे उभं राहून मला शिकवलं. त्या शिक्षणानं मला नोकरी दिली, आणि नोकरीनं ही सहल. अल्लाची मेहेरबानी. माझे अब्बा चार दिवस पनामा सिटीत पायी फिरले, आणि त्या चार दिवसांत त्यांनी एकदाही कुणासाठी स्वयंपाक केला नाही.