दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

आमचे बाबा नळाची कामं करायचे. भिंतीत पाणी कुठं झिरपतंय हे शोधायला ते लोखंडी गजाचं एक टोक भिंतीला लावायचे, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. घरी आल्यावर मात्र त्यांना शांतता लागायची. सूट फक्त नाताळला. डिसेंबर लागला की माळ्यावरचं खोकं खाली यायचं आणि त्यातल्या नाताळगीतांच्या कॅसेटांवरून आमची भांडणं जुंपायची. आईला घंटांची कॅसेट आवडायची, मला लहान मुलांनी गायलेली. पितळी वाद्यांच्या बँडची एक होती, ती लागली की बाबा म्हणायचे, "यांच्या पाइपात हवा अडकलीय." तुमची आवडती कुठली, असं विचारलं तर, "मला सगळ्या सारख्याच."

हे खरं नव्हतं आणि आम्हाला ते ठाऊक होतं. खोक्यात एक कॅसेट आमच्याच चर्चच्या गायकवृंदाची होती. गाणं शिकवणाऱ्या मास्तरांनी हौसेनं काढलेली, शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना गाद्या लावून रेकॉर्ड केलेली. तिच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं होतं. मेंढपाळ सगळे बाळ येशूला बघायला गेलेत, त्यांच्यातल्या एकाची बायको मागं घरी राहिलीय आणि दुरून येणारं गाणं ऐकतेय, असं ते गाणं मास्तरांनीच रचलेलं. पहिलं कडवं ताई एकटी गायची. वरच्या सुरावर जाताना तिला जोर लावावा लागायचा नाही. जिना चढताना कुणी बोलत बोलत चढावं, तशी ती सहज वर जायची.

कॅसेट निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी ताईनं स्वतःचं लग्न ठरवलं. माणूस तिच्याहून बराच मोठा, पहिली बायको वारलेली. बाबांनी साफ नाही म्हटलं. ताई हटेना. शेवटी बाबा म्हणाले, "त्या बिजवराशी लग्न केलंस तर मला मुलगी एकच." ताई घर सोडून गेली. दूरच्या शहरात तिनं संसार मांडला आणि आमच्या घरात तिचं नाव निघेनासं झालं. आई कोपऱ्यावरच्या दुकानातून तिला फोन करायची. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, आणि फोन करायचं काम माझ्याकडे आलं. बाबांना ते कळत असणार. त्यांनी कधी विचारलं नाही.

पण नाताळ आला की, "ती आपल्या लोकांची लावा ना," हे ते म्हणायचेच. पहिली बाजू आमच्यात बसून ऐकायचे. दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं संपत आलं की उठायचे. नळ गळतोय वाटतं, बघून येतो, म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन मोरीशी नुसते उभे राहायचे. गाणं संपलं की टॉवेलला हात पुसत बाहेर. हात कोरडेच असायचे. आई होती तेव्हा मला हळूच म्हणायची, "एवढा मोठा प्लंबर, आणि घरचा नळ नेमका नाताळात गळतो."

वर्षानुवर्षं असंच चाललं. मग एका डिसेंबरात टेपरेकॉर्डरनं ती फीत खाल्ली. बाबांनी ती बाहेर ओढून काढली, पेन्सिल घालून गुंडाळली, चिकटपट्टीनं जोडली. पुन्हा लावली तर नुसती घरघर. तरी दिवसभर ते तिच्याशी झटत बसले. संध्याकाळी पुन्हा चिकटपट्टी कापायला लागले तेव्हा मला बघवेना. मी म्हटलं, "बाबा, ताईलाच फोन लावू का?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला.

पलीकडून ताईनं हाक मारली असावी. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि फोन माझ्याकडे परत देत म्हणाले, "ही ती नाही. दुसरीच कुणी बाई आहे."

ताईला ते ऐकू गेलं होतं. तिच्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात ती मला म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबांनी विचारलं, तिच्या आवाजाला काय झालं. मी सांगितलं. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, त्यात आवाजाची नस दुखावली. गाणं तेव्हाच सुटलं. याला किती वर्षं झाली, तेही सांगितलं. म्हणजे ऑपरेशननंतरच्या पहिल्या नाताळाला आम्ही तिचं गाणं लावलं होतं, तेव्हा ती घरी खूण करून पाणी मागत होती.

बाबांनी कप खाली ठेवला. "ऑपरेशनच्या वेळी जवळ कोण होतं तिच्या?"

"तिचा नवरा. महिनाभर आपलं दुकान बंद ठेवून बसले होते."

उठून त्यांनी कप विसळून पालथा घातला. मग म्हणाले, "त्यांना फोन लाव."

बाबांच्या लेखी इतकी वर्षं जावई 'तो' होता. त्या सकाळी 'ते' झाले.

जावयाशी काय बोलावं हे त्यांना सुचेना. त्यांनी आधी विचारलं, तुमच्याकडे नळाला जोर कसा असतो. पलीकडचा माणूस भला. त्यानं नळांची सगळी हकीकत सांगितली. शेवटी बाबा म्हणाले, "तिला घेऊन या एकदा."

ते दोघं नाताळ उलटल्यावर आले, कागदी तारे उतरवून झाले होते तेव्हा. ताईचे केस पिकलेले. तिचं बोलणं खोलीच्या पलीकडे ऐकू जात नव्हतं, म्हणून बाबांनी आपली खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली आणि मुक्काम हलेपर्यंत ती तिथून हलवू दिली नाही. त्यांनी माफी मागितली नाही. तिच्या गळ्यावरच्या व्रणावर एकदा बोट ठेवून, थंडीत दुखतं का, एवढं विचारलं. ताई मानेनंच नाही म्हणाली.

नंतर दर रविवारी बाबा तिला फोन करू लागले, दार ओढून घेऊन.

मध्यंतरी मला मास्तरांची मुलगी भेटली. त्या कॅसेटची एक प्रत त्यांच्याकडे आहे, अगदी चांगली, कधीही घेऊन जा, म्हणाली. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे. काय करायचीय आता?"

बाबांना त्यांची मुलगी मिळाली होती. मला मात्र ती एकोणीस वर्षांची ताई हवी होती, माझ्या वेण्या घालता घालता गाण्याचा सराव करणारी. हे मी त्यांना सांगितलं नाही, ताईलाही नाही. कॅसेट आणायला अजून गेलेली नाही. डिसेंबर आला की मास्तरांच्या गल्लीतून जाते, त्यांच्या दारातला तारा बघते आणि पुढं बाजारात जाते.