मजकुराला हात लावायचा न्हाय

"मजकूर तुमचा, खिळे माझे," असं म्हणून ते माझ्या हातातला कागद घ्यायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सावकाश वाचायचे. पत्रक त्यांना पटलं की नाही, हे चेहऱ्यावरून मला कधीच कळलं नाही.

मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात ते हातानं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. शहरात संगणकावर जुळणी करणारी दुकानं निघाली होती, तरी आमच्या संघटनेची पत्रकं मामांकडंच व्हायची. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. कुणी अन्याय केला की मी पत्रक काढायचो. अन्याय रोज होत होते.

एकदा त्यांनी मला थांबवलं. "कार्यकर्ते, अडचण हाय. तुमच्या मजकुरात उद्गारचिन्हं एकवीस आणि माझ्या खणात चौदाच. कुठली सात वाक्यं हळू बोलायची तेवढं सांगा." मालक हसून खोकत बसले. मी चिडलो, पण सात चिन्हं काढली. ते पत्रक त्यामुळंच लोकांनी वाचलं, असं मला आज वाटतं.

छपाई झाली की त्याच संध्याकाळी ते खिळे सोडवून एकेक अक्षर आपापल्या खणात परत टाकायचे. दुसरा नियम त्याहून कडक. ज्याचा मजकूर त्याचाच. जुळाऱ्यानं त्यातला काना-मात्रासुद्धा मनानं बदलायचा नाही. एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव चुकलेलं त्यांना दिसलं, तेव्हा ते उन्हातून सायकल मारत त्या घरी विचारायला गेले होते. "मजकुराला हात लावायचा न्हाय," म्हणायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामातून ओळखू येतात, बाकी काही सांगत नाहीत. शुक्रवारी दुपारी मामा हातांची शाई घासून काढायचे आणि तासभर बाहेर जायचे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. दाढी नाही, टोपी खिशात, छापखान्यात नाव जुनंच. मी तोंडावर विचारलंच, का? "आजारी पडलतो. शेजारच्या एका घरानं वरीसभर सांभाळलं. त्यांच्यासंगं बसाय-उठाय लागलो. तिथं मला शांत वाटतंय. येवढंच हाय."

दर दुसऱ्या रविवारी ते एस.टी.नं कुरुंदवाडला आईकडं जायचे. सोमवारी डबा यायचा, वांग्याची भाजी आणि दोन जाड भाकरी. त्यातली अर्धी भाकरी माझी, हे ठरलेलं होतं.

मग गावोगाव वातावरण तापलेलं ते वर्ष आलं. बाहेरगावचे दोन तरुण कॅसेटी घेऊन छापखान्यात आले. त्या कॅसेटींत दुसऱ्या धर्माच्या लोकांविषयी काय भरलं होतं, ते त्यांनी स्वतःच अभिमानानं सांगितलं. नव्यानं धर्मात आलेला माणूस जास्त तापलेला असतो, असा त्यांचा समज. मामांनी चार घरांत जाऊन बोलावं, म्हणत होते. मी शेजारीच प्रूफ तपासत बसलो होतो. मामांनी ऐकून घेतलं आणि कॅसेटी रद्दी कागदात नीट गुंडाळून त्यांच्या हातात परत दिल्या. "मी नमाज पढाय आलोय, भांडाय न्हाय. च्या घ्या आणि निघा."

महिन्याभरात साध्या कपड्यांतला एक पोलीस पेठेत फिरू लागला. चहाच्या गाड्यावर बसून विचारायचा, इथं नवीन धर्म बदललेलं कोण हाय, त्याच्याकडं कोण येतं-जातं. धोका किती आहे याचा अंदाज घेतोय, म्हणायचा. म्हणजे त्याचाही समज त्या कॅसेटवाल्यांसारखाच. पाठोपाठ घरोघरी एक निनावी पत्रक पडलं. धर्म बदललेला प्रत्येक माणूस छुपा अतिरेकी आहे, असं त्यात होतं.

माझं डोकं फिरलं. धोका नव्हता असं मी म्हणत नाही. धोका कॅसेटी घेऊन आला होता आणि मामांनी त्याला दारातून परत पाठवलं होतं. तेच मी लिहिलं. नाव घातलं नाही. एवढंच लिहिलं, की मंगळवार पेठेत खिळे जुळवणाऱ्या, मूळच्या कुरुंदवाडच्या, धर्म बदललेल्या एका माणसानं द्वेष पसरवणाऱ्यांना हाकललं. तुमच्यातल्या किती जणांनी हाकललं?

मामांनी वाचलं. एरवी वाचून झालं की कागद खाली ठेवून खिळे उचलायचे; या वेळी कागद हातातच राहिला.

"कुरुंदवाड तेवढं काढा की."

मी म्हणालो, तपशील नसेल तर लोक पत्रकाला गोष्ट समजतात.

"आई हाय तिथं. तिला म्हाईत न्हाय."

"मग कळू दे की मामा. तुम्ही काय चोरी केलीय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग चष्मा ओढला आणि जुळणीला लागले. तो शब्द त्यांनी गाळला असता, तर मला पत्ताही लागला नसता. मी माझी प्रूफं कधीच धड वाचत नसे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण मजकूर माझा होता. प्रूफ आलं. कुरुंदवाड जागेवर होतं.

पत्रकं शहरात वाटली. एक गठ्ठा आमच्याच कार्यकर्त्यांनी कुरुंदवाडच्या बाजारात नेला. त्यानंतरच्या सोमवारी डबा आला नाही. मी विचारलं. ते खिळ्यांच्या खणांवर वाकलेलेच होते.

"भाऊ दारात हुता. आई आतनं म्हणाली, त्याला सांग, मी झोपलीय."

तो पोलीसही छापखान्यात आला, हातात माझंच पत्रक. चेष्टेनं मला म्हणाला, "आमचा महिना गेला असता पावणं. तुम्ही एका पानात दिलंत." त्यानंतर दर आठवड्याला मामांना चौकीत बोलावून दिवस-दिवस बाकावर बसवत. विचारायला काही नसायचं. पोलिसांच्या यादीत नाव आलं होतं, ते निघत नव्हतं. मी त्यावर पत्रक लिहून नेलं. मामांनी ते न वाचताच परत दिलं. "ऱ्हाऊ दे आता, कार्यकर्ते."

तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी त्यांनी सगळे खण पुसले, चष्मा खिशात घातला आणि मालकांच्या पाया पडून गेले. कुणी म्हणतं राधानगरीकडं दिसले, कुणी म्हणतं बेळगावात. मी दोन्हीकडं जाऊन आलो. त्यांची आई पुढच्या वर्षी गेली. मुलगा त्यानंतरच्या खेपेलाही आला होता आणि बंद दारापाशी बसून परत गेला होता, हे तिला शेवटपर्यंत कुणी कळवलं की नाही, मला ठाऊक नाही. मी सांगायला जायला हवं होतं. मी गेलो नाही.

गेल्या वर्षी छापखाना बंद झाला. खिळे मोडीत निघाले, तेव्हा मालकांनी मला बोलावून घेतलं. मामांच्या खणामागं एक लहानशी पुडी सापडली होती. आत दोऱ्यानं घट्ट बांधलेले थोडे खिळे होते. शिशाची अक्षरं उलटी असतात. ती वाचायला मला मामांनीच शिकवलं होतं.

माझ्या पत्रकातलं बाकी प्रत्येक अक्षर त्यांनी त्याच संध्याकाळी आपापल्या खणात परत टाकलं होतं. हा एकच शब्द त्यांनी ठेवून घेतला होता. कुरुंदवाड.