अख्खा ठेवून जाय वं

माझ्या नावावर जगात एकच गाणं आहे, आणि त्यातली चांगली ओळ माझी नाही. ही गोष्ट मी चाळीस वर्षं दडवून ठेवली. खोटं कधी बोललो नाही. कोणी वाहवा केली की मान खाली घालून हसायचो, एवढंच. लोकांना तो विनय वाटायचा आणि मलाही तसंच वाटू द्यायचं होतं.

गाणं मारबतीचं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते, म्हणजे बाईचा भला मोठा पुतळा. तिच्या मागेपुढे गल्लोगल्लीचे बडगे असतात. ज्याचा वैताग आला असेल त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, त्याच्या गळ्यात पाट्या अडकवायच्या, गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळायचा, की झाला बडग्या. वाटेत घसा फाटेस्तोवर ओरडायचं, की हे घेऊन जा गे मारबत, ते घेऊन जा. रोगराई, महागाई, जे नको असेल ते. वर्षभर साहेबासमोर मान डोलावणारा कारकूनसुद्धा त्या दिवशी मनातलं ओरडून घेतो.

मी बाविशीत होतो. कॉलेज संपलं होतं, नोकरी नव्हती, आणि दाढी वाढवली की विचार आपोआप येतात असा माझा समज होता. महालातल्या आमच्या गल्लीचा बडग्या त्या वर्षी लढाईचा करायचा, हे मी पोरांच्या गळी उतरवलं. उत्तरेच्या सीमेवर, बर्फात, गोळीबार चालू होता आणि पानठेल्यावर रोज नवा सेनापती तयार होत होता. त्यातला एकही जण गल्लीबाहेर लढायला जाणारा नव्हता. मला त्यांचा भारी राग यायचा. तर बडग्याला पुठ्ठ्याच्या मिशा लावल्या, डोक्यावर भाताचा गंज पालथा घातला आणि मी गाणं लिहिलं:

खोकला घेऊन जाय वं, ढेकणं घेऊन जाय वं,
घामोळ्यांसंग मारबती, लढाई घेऊन जाय वं.

लढाईला ढेकूण-घामोळ्यांच्या रांगेत बसवलं, यात माझी सगळी हुशारी होती. अजूनही मला ते आवडतं. ज्या गोष्टीपुढे सगळे छाती फुगवतात, तिला खाजेच्या यादीत टाकायचं. मी ते आईला म्हणून दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं, आणि पोळ्याला माहेरी आलेल्या ताईलाही दाखवलं. तिथे मात्र म्हणता म्हणता माझी जीभ अडखळली, कारण तिचा फौजी नवरा, आमचे भावजी, त्याच बर्फात होते. महिनाभर पत्र नव्हतं.

ताई तेव्हा पुरणाची डाळ निवडत होती. तिनं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "मारबतीले डोकं असते का गा?"

"कागदाची आहे ती," मी म्हणालो.

"तेच म्हणून राहिली मी. तिले जे सांगितलं ते ती उचलते. तू म्हणतो लढाई घेऊन जाय. लढाईत कोण आहे, तुले मालूम आहे न? भंगारवाल्याले आपण माळा दाखवतो तं सांगतो का नाही, बाबा, हे ने, पण तो पितळी हंडा ठेव? नाही सांगितलं तं नेते तो हंडा. त्याचा काय दोष?"

आणि डाळीतला खडा बाजूला टाकत तिनं ओळ म्हटली, जशी काय ती आधीपासून तिथेच होती:

माणूस आमचा मात्र बाई घरी ठेवून जाय वं.

मी म्हणालो, ठीक आहे, वृत्तात बसते. हा माझा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत गंमत झाली. माझ्या ढेकणांवर लोक हसले, घामोळ्यांवर टाळ्या पडल्या, पण ताईच्या ओळीला गच्चीवरच्या बाया उभ्या राहिल्या. एकीनं तर आम्हाला थांबवून ती परत म्हणायला लावली. तिचा कोण कुठे होता, मी विचारलं नाही. पोरांनी माझी पाठ थोपटली आणि मी मान खाली घालून हसलो. हीच ती सुरुवात.

भावजी आले. थंडीत आले, हिंडतेफिरते आले, पण डाव्या हाताची दोन बोटं बर्फानं खाल्ली होती. घरात रडारड झाली. ताई रडली नाही. तिनं त्यांचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "माहीच चूक झाली. घरी ठेव म्हटलं, अख्खा ठेव म्हणायचं राहूनच गेलं."

भावजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पुढे आयुष्यभर कोणी बोटांबद्दल विचारलं की ते सांगायचे, "ड्राफ्टिंगमध्ये गलती झाली." आणि पुढच्या पोळ्यापासून ताईनं शब्द बदलला: माणूस आमचा मात्र बाई अख्खा ठेवून जाय वं.

गाणं पसरलं. मोर्च्यांत गेलं, कोपऱ्यावरच्या नाटकांत गेलं, एकदा कामठीच्या बसमध्ये दोन अनोळखी पोरींना मी ते म्हणताना ऐकलं आणि स्टॉप चुकेपर्यंत उतरलो नाही. काळ गेला तशी माझी कडवी जुनी झाली. ढेकूण आता फक्त वयस्कांच्या आठवणीत चावतो. घामोळ्या म्हणजे काय, ते माझ्या नातीला फोटो दाखवून सांगावं लागलं. लढाई तेवढी दर थोड्या वर्षांनी नवीकोरी होऊन येते, म्हणून ताईच्या ओळीला गंज चढत नाही. हे मला कळत होतं, आणि आवडत नव्हतं.

आता मी मनीषनगरात राहतो, सातव्या मजल्यावर, पेन्शनवर. भावजी वारले तेव्हापासून ताई आमच्याकडेच असते. तिचा मुलगा कळमेश्वरला कारखान्यात, शिफ्टची ड्युटी. त्याचा मुलगा, म्हणजे ताईचा नातू, तेवीस वर्षांचा आहे आणि आजोबांच्याच पलटणीत आहे. सध्या सीमेवर. कुठे, ते तो सांगत नाही आणि ताई विचारत नाही. ती फक्त काय जेवला ते विचारते.

यंदा पोळ्याच्या आधी हवा तापली होती. टीव्हीवर रोज संध्याकाळी सहा डोकी लढाई करत. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरीसाहेब पहाटे साडेपाचला 'आता एकदाचा निकाल लावून टाका' असा मेसेज टाकत आणि सहाला फिरायला निघताना वॉचमनला सोबत नेत, कारण गेटबाहेर दोन कुत्री असतात. माणूस वाईट नाही. पाण्याचा टँकर वेळेवर आणतो. फक्त त्यांचं शौर्य मोबाईलची बॅटरी असेपर्यंत टिकतं.

तर सेक्रेटरी घरी आले. मुलांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याला जोडून सोसायटीचा छोटा बडग्या काढायचा होता, खड्ड्यांचा. "आणि सर, गाणं तुमचंच. तुमचा सत्कारपण ठेवून राहिलो आम्ही. शाल, श्रीफळ. ज्येष्ठ कवी म्हणून." मी नको नको म्हणालो, इतकं हळू की त्यांना ऐकू जाऊ नये. मग ते म्हणाले, "एक छोटीशी रिक्वेस्ट. ते लढाईचं काढून टाका. आणि शेवटची लाइन. माहौल पाहा न सर. आपण म्हणायचं निकाल लावा, आणि पोरं म्हणणार माणूस ठेवून जा? फौजी लोकांचं मनोबल काय राहीन?"

आमच्या घरात आतल्या खोलीत एका फौजीची आजी वाती वळत बसली होती. तिच्या मनोबलाची चौकशी करावी, असं मला सुचायला हवं होतं. मला शाल दिसत होती. मी पेन काढलं. लढाईच्या जागी खड्डे आले. आणि ताईच्या ओळीच्या जागी मी जे लिहिलं ते इथे सांगायला लाज वाटते, पण सांगतो, तीच माझी शिक्षा:

सोसायटीचं नाव बाई मोठं करून जाय वं.

चाळीस वर्षांत माझी प्रतिभा कुठे पोचली ते यावरून कळावं.

छापील कागद लिफ्टमध्ये चिकटवला गेला. ताई देवळातून येताना सात मजले तो वाचत वर आली. घरात आली, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "ओळ काहून खोडली?"

मी माहौल सांगितला. मनोबल सांगितलं. लहान मुलांचा कार्यक्रम आहे, हे सांगितलं.

"तुह्या भावजीच्या वेळेस एक शब्द राह्यला तं दोन बोटं गेली," ती म्हणाली. "आता तू ओळच खोडली. पोरगं तिकडे उभं आहे. मारबत काय तुह्या सोसायटीचं सर्कुलर वाचून थांबणार आहे का?"

मी म्हणालो, "ताई, तो कागदाचा बडग्या आहे."

"मले मालूम आहे तो कागदाचा आहे. मी का येडी आहे? पण मी दरसाल म्हणते. यंदाच काहून थांबू, यंदा?"

त्या दिवसापासून ताईनं मला अरेतुरे करणं बंद केलं. "कवी, चहा घ्या." "कवी, तुमची गोळी राहिली." माझ्या बायकोनंही तेच सुरू केलं. दोघी भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

चार दिवस ताई दुपारी खाली पार्किंगमध्ये जाऊन बसायची. मुलांचे लाकडी नंदीबैल सजवायला मदत करते म्हणाली. घरातली संत्रा बर्फी डब्यातून भराभरा कमी होत होती. मी बायकोवर संशय घेतला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा सत्कार झाला. शाल टोचत होती. सेक्रेटरींनी बडग्याचा एक बांबू स्वतः धरला, माझ्या हातात माईक आला आणि वीसपंचवीस मुलं नंदीबैलांच्या दोऱ्या ओढत मागे उभी राहिली. ताई कट्ट्यावर बसली होती, हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे न पाहता.

खोकला म्हटला. ढेकणं म्हटली, मुलं कशाला हसायचं ते न कळून हसली. मी 'खड्डे' म्हणायला तोंड उघडलं आणि मागून सगळी मुलं ओरडली, "लढाई घेऊन जाय वं!" माझा माईक असून माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांच्या बोटांना अजून बर्फी चिकटलेली होती.

सेक्रेटरींनी बांबूआडून हातानं खूण केली, की तुम्ही तुमची ओळ घ्या, जोरात घ्या. माईक माझ्या तोंडाशी होता. सोसायटीचं नाव मोठं करायचा तो क्षण होता. मी ताईकडे पाहिलं. ती आता माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. बर्फातून पत्र येत नव्हतं त्या महिन्यातही मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली. मी माईक मुलांपुढे धरला.

माणूस आमचा मात्र बाई अख्खा ठेवून जाय वं!

'अख्खा'वर त्यांनी असा जोर दिला की कबुतरं उडाली. ताईनं तसंच शिकवलं असणार. गॅलऱ्यांमधून बाया बाहेर आल्या. मुलांनी ओळ दुसऱ्यांदा घेतली, तिसऱ्यांदा घेतली, आणि तिसऱ्या वेळी माझ्या उजव्या कानाशी एक जाड आवाज ओरडला, "ठेवून जाय वं!" पाहतो तर सेक्रेटरी. बांबू खांद्यावर, डोळे मिटलेले. ते मूळचे इतवारीतले, लहानपणापासून बडग्यापुढे ओरडत आलेले. ओरडून झाल्यावर त्यांना आपण काय केलं ते कळलं आणि ते घाईनं खड्ड्याच्या पाट्या सरळ करू लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ग्रुपवर फक्त टँकरची वेळ आली.

बडग्या जळून गेल्यावर मी शाल घडी करून ताईजवळ जाऊन बसलो.

"ताई, ती ओळ तुही आहे हे मी कधी कोणाले सांगितलं नाही."

"मालूम आहे."

"उद्या सगळ्यायले सांगतो. ग्रुपवर टाकतो."

"नको. नाव तुह्यंच राहू दे, मले काय करायचं आहे त्याचं?" ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी 'तू' ऐकलं. "पण मी नसली तं म्हणायची विसरू नको. एवढं कर."

"म्हणीन मी."

"ह्या आवाजात?" ती हसली. "मारबत घाबरून सगळंच टाकून पळन."

नातू अजून तिकडेच आहे. रविवारी त्याचा फोन येतो, येतो म्हणजे कधी येतो, कधी नाही. काय जेवला, थंडी किती, पायमोजे पुरतात का, एवढं ताई विचारते. मग व्हिडिओवर त्याला दोन्ही हात दाखवायला लावते. त्याला वाटतं आजीला मोबाईल नीट दिसत नाही, म्हणून तो पंजे कॅमेऱ्याजवळ आणून हलवतो. ताई ओठ हलवत एकेक बोट मोजते. दहा झाली की फोन ठेवते. मी शेजारी बसून मोजतो, आणि परवा माझी नऊच भरली तेव्हा मी तिच्या आधी ओरडलो, "पुन्हा दाखव!"